चाणाक्ष की कुटिल?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपले नाव मागे राहावे असे प्रत्येकाला वाटते. पण ते कशासाठी राहावे, हे काही कुणाच्या हाती नसते. आयर्लंडमध्ये कॅप्टन बॉयकॉट नावाचा एक जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली गावकऱ्यांनी त्याला वाळीत टाकले आणि त्याचे आडनावच बहिष्कारासाठी जगभर वापरले जाऊ लागले. बिचाऱ्याने कुणावर बहिष्कार टाकला नव्हता, बहिष्कार त्याच्यावर पडला होता! भांडण लावणाऱ्याला आपण 'कळीचा नारद' म्हणतो, तेव्हाही त्या थोर भक्ताचे आणखी काही कर्तृत्व होते हे आपल्या ध्यानात राहत नाही. नाव शब्दकोशात जाऊन बसले की माणूस मागे पडतो आणि शब्द पुढे चालू लागतो.

अशा नावांत सर्वांत दुर्दैवी नाव कोणते, असे विचारले तर मी मॅकियाव्हेलीचे नाव घेईन. कपटी, पाताळयंत्री, वरून गोड आणि आतून विषारी अशा माणसाला इंग्रजीत 'मॅकियाव्हेलियन' म्हणतात. आता तर मानसशास्त्रातही हा शब्द आला आहे. १९७० साली ख्रिस्टी आणि गाइस या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी माणूस दुसऱ्यांना किती खेळवतो हे मोजण्याची प्रश्नावली पुस्तकरूपाने मांडली आणि त्या स्वभावविशेषाला नाव दिले 'मॅकियाव्हेलियनिझम'. आपल्याकडेही हा शब्द आला, आणि येताना तो थेट पुण्याच्या शनिवारवाड्यात शिरला. नाना फडणवीस म्हणजे 'मराठ्यांचा मॅकियाव्हेली', हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. हे म्हणणे कितपत खरे, आणि ज्याच्या नावाने हा शिक्का मारला गेला तो मूळचा माणूस तरी कसा होता, याचा आज थोडा शोध घेऊ.

फ्लोरेन्सचा कारकून

निकोलो मॅकियाव्हेली १४६९ साली इटलीतील फ्लोरेन्स शहरात जन्मला. तेव्हा इटली हा एक देश नव्हता. पाच-सहा मोठी राज्ये आणि अनेक छोटी संस्थाने एकमेकांच्या उरावर बसलेली होती, आणि फ्रान्स-स्पेनसारखी बलाढ्य राज्ये त्यांच्या भांडणाचा फायदा घेऊन आत घुसत होती. मराठी माणसाला हे चित्र समजायला वेळ लागू नये. फ्लोरेन्समध्ये त्या वेळी लोकांचे प्रजासत्ताक होते. १४९८ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, मॅकियाव्हेली या प्रजासत्ताकाच्या दरबारात चिटणीस झाला. चौदा वर्षे त्याने ही चाकरी केली. वकील म्हणून तो परराज्यांत गेला, खलिते लिहिले, भाडोत्री सैन्यावर विसंबू नका असे सांगून शहराची स्वतःची फौज उभी केली.

१५१२ साली प्रजासत्ताक कोसळले आणि मेदिची घराणे पुन्हा सत्तेवर आले. मॅकियाव्हेलीची नोकरी गेली. पुढच्या वर्षी कटाच्या संशयावरून त्याला तुरुंगात टाकले. हात पाठीमागे बांधून दोराने वर ओढायचे आणि झटक्याने खाली सोडायचे, असा छळ त्याने सोसला. सुटका झाल्यावर तो शहराबाहेर आपल्या शेतावर जाऊन राहिला. तिथून एका मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की दिवसभर मी लाकूडतोड्यांशी हुज्जत घालतो, खानावळीत पत्ते कुटतो. पण संध्याकाळी चिखलाचे कपडे उतरवून दरबारी पोशाख चढवतो आणि जुन्या ग्रंथकारांशी बोलत बसतो. या बैठकीतून १५१३ साली एक लहानसे पुस्तक तयार झाले. त्याचेच नाव 'द प्रिन्स'.

या पुस्तकात आहे काय? राजाने कसे असावे हे सांगणारी पुस्तके तेव्हा पुष्कळ होती. त्यांत राजा दयाळू असावा, वचनाला जागणारा असावा, असा उपदेश असे. मॅकियाव्हेलीने राजे प्रत्यक्षात कसे टिकतात आणि कसे बुडतात हे लिहिले. राजाला सिंहाचे बळ हवे तसे कोल्ह्याचे शहाणपणही हवे, कारण सिंहाला सापळा ओळखता येत नाही. सर्वजण दिलेला शब्द पाळत असते तर हा सल्ला वाईट ठरला असता, पण तसे नसल्याने तो द्यावा लागतो, असे तो म्हणतो. साध्याने साधन पवित्र होते, हे त्याच्या तोंडी घातले जाणारे वाक्य मात्र या शब्दांत त्याच्या पुस्तकात नाही.

याच माणसाने रोमन इतिहासावर दुसरा, याहून कितीतरी मोठा ग्रंथ लिहिला. राजापेक्षा लोकांचे राज्य बरे आणि लोकसमूह राजापेक्षा अधिक शहाणा असतो, अशी त्याची मांडणी तिथे आहे. पण त्या ग्रंथावरून कुणी शब्द तयार केला नाही.

पुस्तकाआधी पोचलेली बदनामी

मॅकियाव्हेली १५२७ साली वारला. 'द प्रिन्स' छापले गेले १५३२ साली, तेही रोममध्ये, पोपच्या परवानगीने. पुढे सत्तावीस वर्षांनी, १५५९ साली, त्याच रोमने निषिद्ध पुस्तकांच्या यादीत त्याचे सर्व लेखन टाकले. पुस्तकात एक अक्षर बदलले नव्हते, बदलला होता तो काळ.

खरी बदनामी झाली फ्रान्समध्ये. १५७२ साली पॅरिसमध्ये हजारो प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली. राजमाता होती कॅथरीन दे मेदिची, आणि 'द प्रिन्स' ज्याला अर्पण केले होते त्या लॉरेन्झोचीच ती मुलगी. झाले! ही कत्तल या पुस्तकातून शिकलेली विद्या आहे, असे लोक म्हणू लागले. १५७६ साली जाँतिये नावाच्या प्रॉटेस्टंट लेखकाने मॅकियाव्हेलीच्या खंडनाचा जाडजूड ग्रंथ काढला. पुष्कळांनी मूळ पुस्तक वाचलेच नाही. खंडनातून जेवढे कळले तेवढ्यावर मत बनवले.

इंग्लंडमध्ये तर आणखीच मजा. 'द प्रिन्स'चा इंग्रजी अनुवाद छापून निघाला १६४० साली. त्याआधी सुमारे अर्धशतक मार्लोच्या नाटकात मॅकियाव्हेलीचे भूत रंगभूमीवर येऊन नांदी म्हणून गेले होते आणि शेक्सपिअरच्या खलपुरुषाने त्याच्या नावाची बढाई मारली होती. म्हणजे शब्द आधी पोचला, पुस्तक पन्नास वर्षांनी! सैतानाला इंग्रजीत 'ओल्ड निक' म्हणतात ते याच निकोलोमुळे, अशीही एक दंतकथा निघाली. १८२७ साली मेकॉलेने त्याच्यावर निबंध लिहिला, त्यात हेच नोंदवले आहे, की लोकांनी याच्या आडनावातून लबाडाला विशेषण घडवले आणि पाळण्यातल्या नावातून सैतानाला टोपणनाव. हाच मेकॉले पुढे १८३४ साली हिंदुस्थानात आला.

प्रशियाच्या फ्रेडरिकची गोष्ट तर सांगायलाच हवी. १७४० साली या राजपुत्राने मॅकियाव्हेलीच्या निषेधार्थ ग्रंथ लिहिला. व्होल्तेअरने तो तपासून प्रसिद्ध केला. त्याच वर्षी फ्रेडरिक गादीवर बसला आणि डिसेंबरात शेजारच्या सायलेशिया प्रांतावर चालून गेला. निषेध करणाऱ्याने तेच केले, नाव मात्र निकोलोचे खराब झाले.

एकाच माणसाची दोन नावे

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे राजनीतीचा आद्य ग्रंथकार म्हणजे कौटिल्य, अर्थात चाणक्य. यांच्या नावांचे भाषेत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. 'कौटिल्य' या शब्दाचा संस्कृतात अर्थच होतो कुटिलपणा, वाकडेपणा. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात सुरुवातीलाच या नावावर कोटी केलेली आहे. बाणभट्टाने 'कादंबरी'त कौटिल्याच्या शास्त्राला निर्दय म्हणून झोडपले आहे. काही अभ्यासकांच्या मते मूळ नाव 'कौटल्य' असे असून ते 'कुटल' या गोत्रावरून आले. त्रिवेंद्रमला गणपतिशास्त्र्यांनी ग्रंथ छापला तो याच नावाने. म्हणजे कदाचित ते साधे गोत्रनाम होते, आणि एका वेलांटीने आचार्यांना कुटिल करून टाकले.

पण मराठीने दुसरे नाव उचलले. 'चाणाक्ष' हा आपला रोजचा शब्द 'चाणक्य' या नावावरून आला असे मानतात. चाणाक्ष म्हणजे हुशार, नजर तीक्ष्ण असलेला, सहज न फसणारा. मुलगी चाणाक्ष आहे असे म्हटले तर आईला आनंदच होतो. तोच माणूस, तोच ग्रंथ; एका नावाने शिवी तयार झाली आणि दुसऱ्या नावाने शाबासकी. तेव्हा माणूस कसा होता यावर शब्दाचा अर्थ ठरत नाही. तो शब्द कुणी उचलला, कोणत्या भावनेने उचलला, यावर तो ठरतो.

आणि गंमत अशी, की या आचार्यांचा ग्रंथ कित्येक शतके बहुतेकांच्या नजरेआडच होता. म्हैसूरच्या ग्रंथालयात शामशास्त्र्यांच्या हाती त्याची पोथी आली आणि १९०९ साली तो छापला गेला. पुढे आपल्या मुंबई विद्यापीठाने प्रा. र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत काढली. त्यात हेरगिरी आहे, विषप्रयोग आहे; पण दुष्काळात धान्य कसे वाटावे, वजनमापे कशी तपासावीत, अधिकारी पैसे कसे खातात आणि त्यांना कसे पकडावे, हेही आहे. इथेही ग्रंथ हाती येण्याच्या कितीतरी आधी नाव बदनाम झालेले होते.

आपल्याच इतिहासातले आणखी एक नाव सांगतो. संभाजी महाराजांचे विश्वासू सल्लागार कवी कलश. १६८९ साली महाराजांबरोबर औरंगजेबाच्या हातून मरण पत्करलेला हा माणूस. पण आपल्या बखरींनी त्यांच्या नावाचे 'कलुषा' केले, म्हणजे मळलेला, काळवंडलेला. मल्हार रामराव चिटणीसांची बखर लिहिली गेली ती घटनेनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी. आणि लेखकाच्या पूर्वजाला, बाळाजी आवजींना, संभाजी महाराजांच्या काळात देहदंड झालेला होता. कलशांकडे पाहण्याची दृष्टी बदलायला वा. सी. बेंद्रे यांचे १९६० सालचे आणि कमल गोखले यांचे १९७१ सालचे संभाजीचरित्र यावे लागले. एका अक्षराच्या फेरफाराने झालेले नुकसान भरून काढायला दीडशे वर्षे लागली.

अर्धे शहाणे

आता नाना. त्यांचे नाव बाळाजी जनार्दन भानू. घराणे कोकणातल्या वेळासचे, जन्म १७४२ सालचा साताऱ्याचा. 'फडणवीस' हे त्यांचे आडनावच नव्हे. ते पद होते. जमाखर्चाचे कागद लिहिणारा, दौलतीच्या हिशेबावर नजर ठेवणारा अधिकारी म्हणजे फडणवीस. पुढे अनेक घराण्यांत हे पद आडनाव होऊन बसले. म्हणजे मॅकियाव्हेली चिटणीस आणि नाना हिशेबनीस. दोघेही लेखणीचे धनी. आपला 'मुत्सद्दी' हा शब्दही मूळ अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ कारकून असाच आहे. मराठीने कारकुनाला मुत्सद्दी केले, हा आपल्या भाषेचा मोठेपणा.

पेशवाईत 'साडेतीन शहाणे' प्रसिद्ध होते. सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे, आणि नाना अर्धे. का, तर पहिले तिघे मसलतीबरोबर तलवारही चालवत, नानांची फक्त मसलत. लोकांनी त्यांना कमी लेखले ते एवढ्यापुरतेच. त्यात कपटीपणाचा आरोप नव्हता.

नानांच्या कारकिर्दीची सुरुवात झाली ती एका खुनातून. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांची हत्या झाली. चुलते रघुनाथराव गादीवर बसले. तेव्हा सखारामबापू, नाना आणि इतर मुत्सद्द्यांनी एकत्र येऊन नारायणरावांच्या गरोदर पत्नीला, गंगाबाईंना, पुरंदरावर सुरक्षित ठेवले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी जन्मलेल्या मुलाच्या नावाने, सवाई माधवरावांच्या नावाने, राज्य चालवले. हेच बारभाईंचे 'कारस्थान'. आज हा शब्द ऐकला की आपल्या कपाळाला आठी पडते. पण ज्याच्यावर खुनाचा आरोप आहे त्याला गादीवरून दूर करणे आणि चाळीस दिवसांच्या बालकाला पेशवाईची वस्त्रे मिळवून देणे, याला दुसरे काय म्हणावे? 'राजकारण' या शब्दाचेही तसेच. समर्थांच्या दासबोधात राजकारणनिरूपण नावाचा समास आहे, आणि तिथे हा शब्द आदराने येतो. आज घरात कुणी कुणाला 'राजकारण करू नकोस' म्हणाले, तर त्यात आदर उरलेला नसतो.

साष्टीचा हिशेब

मी राहतो त्या दिंडोशीचा आणि नानांचा काय संबंध, असे कुणी विचारील. चांगलाच संबंध आहे. दिंडोशी, मालाड, बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर ही सगळी गावे जुन्या साष्टी बेटावरची. मराठ्यांनी १७३७ साली साष्टी पोर्तुगीजांकडून घेतली, आणि दोन वर्षांनी चिमाजीअप्पांनी वसई. तेव्हापासून मुंबईच्या इंग्रजांचा या बेटावर डोळा होता. शनिवारवाड्यातल्या खुनानंतर पुणे दरबार आपसात गुंतलेला पाहून डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी गिळली. तेव्हा पुण्याशी त्यांचे युद्ध चालू नव्हते. पोर्तुगीज परत येऊन बेट घेतील ही सबब पुढे केली. मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावांशी सुरतेला तह करून, आधीच घेतलेल्या बेटावर त्यांची संमती मिळवली.

कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने हा तह रद्द ठरवला आणि १ मार्च १७७६ रोजी पुणे दरबाराशी पुरंदरचा तह केला. रघुनाथरावांना मदत करायची नाही असे त्यात ठरले. साष्टी मात्र सोडली नाही. मुंबईकरांनी तोही तह मोडून रघुनाथरावांना आश्रय दिला आणि १७७८ च्या नोव्हेंबरात त्यांना घेऊन फौज पुण्याकडे निघाली. मराठ्यांनी माघार घेत घेत त्यांना घाटावर येऊ दिले, दाणावैरण तोडली, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला कोंडले. शरण आलेल्या इंग्रजांनी करार लिहून दिला, की १७७३ पासून घेतलेला सर्व मुलूख परत करू. म्हणजे कागदावर दिंडोशीची माती पुन्हा पुण्याची झाली! मराठ्यांनी शब्दावर विश्वास ठेवून फौज मुंबईला परत जाऊ दिली. फौज सुखरूप पोचली आणि इंग्रजांनी करार मान्य नसल्याचे कळवले.

नानांनी मग हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणले. एकमेकांचे हाडवैरी असलेल्या या चौघांची मोट बांधणे हे त्या काळातले विलक्षण काम होते. अखेर १७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. त्यात इतर बराच मुलूख परत मिळाला, साष्टी कायमची इंग्रजांकडे गेली. नानांनी त्यावर पसंतीची मोहोर उमटवायला १७८३ चा फेब्रुवारी उजाडू दिला. डिसेंबर १७८२ पर्यंत हैदर जिवंत होता आणि दबाव कायम ठेवण्यात फायदा होता. या दिरंगाईला इंग्रजांनी धूर्तपणा म्हटले. ठीक आहे. पण हिशेबनिसाची वही उघडून पाहा. तह किती झाले, कोणी किती मोडले, शब्द देऊन कोण फिरले? मॅकियाव्हेलीचे नाव ज्यांच्या भाषेतून आपल्याकडे आले, त्यांच्या बाजूची जमा कमी भरत नाही.

इंग्रजांना नानांचा राग का, हे उघड आहे. पुण्यातल्या इंग्रज वकिलाला, मॅलेटला, ते भेटत, मान देत. त्याच्याबरोबर आलेल्या जेम्स वेल्स या चित्रकारासमोर चित्रासाठी बसतही. सवाई माधवरावांसह नानांचे ते प्रसिद्ध चित्र वेल्सचेच. हा वेल्स १७९५ साली आमच्या साष्टीतल्या लेण्यांची चित्रे काढत असताना आजारी पडून वारला. पण कंपनीच्या फौजा मात्र नानांनी पुण्यात कधी ठेवू दिल्या नाहीत. ज्याच्याकडून हवे ते मिळत नाही तो धूर्त, ही व्याख्या जुनीच आहे.

शपथ कोणाची?

नानांना मी देव करू पाहत नाही. प्रतिस्पर्ध्यांना त्यांनी किल्ल्यांवर डांबले. ज्यांच्यासह बारभाई उभी केली त्या सखारामबापूंचा शेवट कैदेत झाला. सवाई माधवरावांना त्यांनी इतके जपले, की त्या मुलाला मोकळा श्वास मिळाला नाही. १७९५ साली शनिवारवाड्याच्या माडीवरून पडून तो गेला. महादजींवर त्यांनी पुरता विश्वास कधी टाकला नाही. पुण्याच्या घाशीराम कोतवालाचा जुलूम त्यांच्या छत्राखाली नऊ वर्षे चालला, आणि १७९१ साली चिडलेल्या लोकांनी त्याला दगडांनी ठेचले. पेशवाईच्या राज्यात खालच्या मानलेल्या जातींनी जे भोगले त्याचा जाब जोतीराव फुल्यांपासून पुढे अनेकांनी विचारला. तो विचारलाच पाहिजे, आणि त्यातून कारभारी असलेले नाना सुटत नाहीत. पण हे दोष वेगळे आणि 'मॅकियाव्हेली' हा शिक्का वेगळा. शिक्क्याने या दोषांचीही नीट चौकशी होत नाही. सगळे एका शब्दात गुंडाळले जाते.

या शिक्क्याला नियतीने दिलेले उत्तर ऐका. सवाई माधवरावांनंतर दुसरे बाजीराव गादीवर आले, आणि पुण्यात दौलतराव शिंद्यांचे वर्चस्व झाले. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नानांना शिंद्यांच्या छावणीत भेटीला बोलावले. नाना सहसा अशी जोखीम घेत नसत. पण शिंद्यांच्या पदरी असलेल्या मायकेल फिलोस नावाच्या सरदाराने, सुखरूप परत पाठवीन, अशी शपथ घेतली. गोऱ्या माणसाचा शब्द म्हणून नानांनी विश्वास ठेवला. छावणीत पाऊल ठेवताच याच फिलोसने त्यांना कैद केले आणि नगरच्या किल्ल्यात पाठवले. हा फिलोस होता इटलीतल्या नेपल्सचा! म्हणजे 'मराठ्यांचा मॅकियाव्हेली' फसला तो एका खऱ्याखुऱ्या इटालियनाच्या शपथेवर.

पुढच्या वर्षी पैसे भरून नाना सुटले, पुन्हा कारभारात आले आणि १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले. त्यांच्याबरोबर मराठी राज्यातले शहाणपण आणि संयम गेला, अशा अर्थाचे उद्गार तेव्हाचा इंग्रज वकील कर्नल पामर यानेच काढले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावांनी वसईचा तह करून कंपनीची फौज पदरी घेतली. ज्याला नाना आयुष्यभर नाही म्हणत आले, ते तीन वर्षांच्या आत झाले.

कागद काय म्हणतात

मॅकियाव्हेलीला आणि कौटिल्याला त्यांचे ग्रंथ तरी सोडवायला होते. नानांनी ग्रंथ लिहिला नाही. पानिपतापर्यंतच्या हकिकतीचे एक छोटे आत्मवृत्त तेवढे आहे. त्यात तरुणपणच्या मोहांची कबुली आहे आणि पानिपताच्या पळापळीत आई अंतरल्याचे दुःख आहे. कावेबाज माणूस असे लिहीत नाही. याखेरीज त्यांचे मोठे दप्तर वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात होते. पण नानांची पहिली चित्रे इंग्रजीत रंगली. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ चा, मॅकडोनाल्डने लिहिलेले नानांचे चरित्र १८५१ चे. नीलकंठराव कीर्तन्यांनी १८६८ च्या सुमारास डफच्या चुका दाखवल्या, आणि वासुदेवशास्त्री खऱ्यांनी १८९२ साली मराठीत नानांचे चरित्र लिहिले. खरे नानांचे चाहते, तर रियासतकार सरदेसाई त्यांच्यावर टीका करणारे. पण दोघांनीही कागद वाचून मत दिले.

१९७२ साली विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' पुण्यात रंगमंचावर आले, आणि नानांच्या चित्रणावरून वादळ उठले. काही प्रयोगांनंतर ते नाटक थांबवले गेले, पुढे थिएटर अकॅडमीने ते पुन्हा उभे केले आणि ते परदेशातही गाजले. हे ऐतिहासिक नाटक नाही, असे तेंडुलकरांनी स्वतः सांगितले होते. नाटककाराला तो अधिकार आहेच. मार्लोलाही होता. मात्र प्रेक्षकाने घरी जाऊन नाटकालाच इतिहास समजू नये, एवढी त्याचीही जबाबदारी आहे.

रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' हा राजनीतीवरचा मराठी ग्रंथ १७१५ च्या सुमाराचा. टोपीकर व्यापाऱ्यांपासून सावध राहा, त्यांना किनाऱ्यावर पक्की जागा देऊ नका, असा इशारा त्यात आहे. साष्टी जाण्याच्या जवळजवळ साठ वर्षे आधीचा हा इशारा! त्यांच्या नावावरून ना शिवी झाली, ना शाबासकी. कुणा शत्रूने ते पुस्तक उचलले नाही आणि आपणही फारसे वाचले नाही. बदनामी आणि विस्मृती यांत अधिक वाईट काय, हे सांगणे कठीण आहे.

शब्द सोयीचे असतात. 'मॅकियाव्हेली' म्हटले की इटलीचा इतिहास वाचावा लागत नाही, 'कारस्थानी' म्हटले की मेणवलीचे कागद चाळावे लागत नाहीत. पण याची किंमत आपणच मोजतो. राजकारण म्हणजे लबाडी, असे एकदा ठरवून टाकले की आपण त्याकडे पाठ फिरवतो. आणि आपली पाठ फिरली की खरे लबाड निर्धास्त होतात. मॅकियाव्हेलीने सापळे कसे असतात ते लिहून ठेवले, कौटिल्याने अधिकारी पैसा कसा खातात त्याचे प्रकार मोजून दाखवले, अमात्यांनी किनाऱ्यावरचा धोका सांगितला. सापळा दाखवणारा आणि सापळा लावणारा यांतला फरक ज्याला कळतो, त्यालाच मराठीत चाणाक्ष म्हणतात.